ग्राफिक्स कार्ड खरंच गेलंय का, हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

किनारपट्टी
नमस्कार मंडळी. मी देवगडचा. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरीच करतो. मशीन असं आहे: आय५ ९४००एफ, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा लोकल एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि ६ जीबीवालं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. कार्ड २०२२ च्या शेवटी सेकंडहँड घेतलंय.

हल्ली दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) लावला की थोड्या वेळाने प्रिव्ह्यूवर हिरवे-गुलाबी चौकोन उमटायला लागतात. कधी स्क्रीन काळी होते, दोन-तीन सेकंदांनी परत येते आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता' असा मेसेज दिसतो. कधी तर अख्खं मशीनच फटकन बंद होऊन आपोआप चालू होतं. नुसतं ब्राउझिंग, मेल, यूट्यूब मात्र व्यवस्थित.

इथल्या दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच सांगितलं, "कार्ड गेलं, नवीन घ्या." नवीन घ्यायला ना नाही, पण पैसे घातल्यावर दोष भलतीकडेच निघाला तर? सीझनची कामं अंगावर आहेत. कार्डच गेलंय याची खात्री कशी करायची?

नाना_नाशिककर
पहिली गोष्ट, विंडोज सुरू व्हायच्या आधी काय दिसतं ते बघा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जा आणि मशीन थोडा वेळ तसंच राहू द्या. तिथेही चौकोन, रेघा किंवा बिघडलेली अक्षरं दिसली तर ड्रायव्हरचा संबंधच नाही, कारण तो अजून लोड झालेला नसतो. मग संशय कार्डावर, नाहीतर केबल-मॉनिटरवर.

बायोस स्वच्छ दिसला म्हणून कार्ड निर्दोष ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. तिथे कार्डाला काही कामच नसतं.

मधली_आळी
केबल बदलून बघितली का? माझ्याकडे हेच झालेलं, एचडीएमआय केबल निघाली.

किनारपट्टी
@नाना, बायोस एकदम स्वच्छ आहे. बराच वेळ ठेवून बघितला.
@मधली_आळी, केबल बदलली, दुसऱ्या पोर्टलाही लावून बघितलं. फरक नाही.

अबोली_एस
केबल आणि मॉनिटर बाजूला काढायची सोपी युक्ती सांगते. चौकोन दिसतील तेव्हा लगेच स्क्रीनशॉट घ्या, फोटो नव्हे, आणि तो मोबाइलवर पाठवून उघडा. स्क्रीनशॉट कार्डाच्या मेमरीतल्या चित्रातूनच बनतो. चौकोन त्यातही आले तर चित्र आतच बिघडतंय, केबलचा काही दोष नाही. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल, मॉनिटर किंवा कार्डाचा पोर्ट यांच्याकडे वळा.

मॉनिटरवर संशय असेल तर केबल काढा आणि मॉनिटरचं स्वतःचं मेन्यू बटण दाबा. रेघा त्या मेन्यूवरही दिसल्या तर पॅनेलच गेलं समजायचं.

आणखी एक. तुम्ही तीन लक्षणं एका दमात सांगितलीत: चौकोन, ड्रायव्हर थांबणं, मशीन बंद होणं. तिन्हींचं मूळ एकच असेल असं नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टिम' बघा. ड्रायव्हर थांबून परत आला असेल तर ४१०१ नंबरची नोंद सापडेल. मशीन फटकन गेलं असेल तर 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. ४१ चा अर्थ इतकाच की विंडोज नीट बंद न होता मशीन गेलं. ते का गेलं हे ती नोंद सांगत नाही. पण दोन्ही नोंदींच्या वेळा कागदावर लिहून काढा, त्या एकत्र येतात की वेगवेगळ्या पडतात हे कळेल.

विदर्भी_वारा
भाऊ, टेम्परेचर किती जाते ते सांगा आधी. आमच्याकडे मे महिन्यात कार्ड काय, माणूसही बंद पडते.

किनारपट्टी
स्क्रीनशॉट घेतला. चौकोन त्यातही आलेत, मोबाइलवरही तसेच दिसतात. म्हणजे केबल-मॉनिटर सुटले.

एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरच्या वेळी कार्ड ७४-७६ अंशांवर दिसतंय. पंखे दोन्ही फिरतायत.

नाना_नाशिककर
७६ काहीच नाही. १०६० ला ९४ पर्यंत चालतं, ८३ च्या आसपास ते स्वतःच वेग कमी करायला लागतं. पण हे चिपचं तापमान झालं. या कार्डात मेमरीच्या चिपांचं तापमान वेगळं दिसत नाही, त्या मुख्य चिपच्या भोवती बसवलेल्या असतात. त्यांच्यावरचं थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारी मऊ पट्टी) वाळून कडक झालं असेल तर मुख्य चिप थंड आणि मेमरी भाजतेय, असंही होतं.

रात्रपाळी
माझं मत एसएमपीएस. ब्राउझिंगला चालतं आणि लोडला बंद पडतं, हे एसएमपीएसचं क्लासिक लक्षण. लोकल ४५० वॅट म्हणजे स्टिकरवर ४५०. आत किती, ते देव जाणे.

सोल्डरवाला
@रात्रपाळी, मशीन बंद होण्यापुरतं पटतं. चौकोनांचं नाही पटत. व्होल्टेज पडलं तर कार्ड हँग होईल, ड्रायव्हर पडेल, मशीन रिस्टार्ट होईल. ठरावीक पॅटर्नचे चौकोन येतात तेव्हा मला आधी मेमरी दिसते. मी बोर्ड रिपेअरिंग करतो, टेबलावर रोज हीच कार्डं असतात.

रात्रपाळी
आधी एसएमपीएस बदलून बघायला काय हरकत आहे? कार्डापेक्षा स्वस्त पडतो, आणि तसाही बदलायलाच हवा. मेमरीला मिळणारी पॉवर शेवटी तिथूनच येते ना?

सोल्डरवाला
येते, पण थेट नाही. १२ व्होल्टचे मेमरीला लागणारे दीड-एक व्होल्ट कार्डावरचं स्वतःचं सर्किट बनवतं. बदलायला हरकत काहीच नाही, तो बदलल्याने चौकोन जातील ही आशा नको एवढंच म्हणतोय.

@किनारपट्टी, एसएमपीएसमधून कार्डाला ६ पिनची वायर थेट आलीय की मध्ये काही जोड आहे? शक्य असेल तर फोटो टाका.

आबोळीकार
देवगडात खाऱ्या वाऱ्यान कार्डाचे दात काळे पडतत. कार्ड काढून खोडरबरान हलक्या हातान पूस आणि परत बसव. फुकटातलो उपाय आसा.

अबोली_एस
+१. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. मशीनचा प्लग काढून, हात कॅबिनेटच्या लोखंडाला टेकवून मगच कार्डाला हात लावा.

किनारपट्टी
कार्ड काढून कॉन्टॅक्ट पुसले. काळपट थर निघाला खरा, पण चौकोन कायम.

एसएमपीएसला ६ पिनची वायरच नाही. कार्डवाल्याने एक जोड दिला होता, हार्डडिस्कला लागतो त्या साटा कनेक्टरवरून ६ पिन करणारा. तो काढून बघितला तर साटाच्या टोकाचं काळं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी झालंय, एक पिन थोडी आत सरकलीय आणि जळकट वास येतोय. फोटो टाकलाय.

रात्रपाळी
हे घ्या!

सोल्डरवाला
हा जोड आत्ताच्या आत्ता काढून फेका, आणि नीट वायर मिळेपर्यंत रेंडर लावू नका. कळकळीने सांगतोय, यातून आग लागते.

हिशोब बघा. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. आणि ६ पिनच्या सॉकेटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत घ्यायची मुभा असते. १०६० चा एकूण खप १२० वॅट. काही स्लॉटमधून येतात, उरलेले या जोडातून. तासन्‌तास रेंडर चालला की तो कनेक्टर तापतो, प्लास्टिक मऊ होतं, पिन ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. तुमचं मशीन फटकन बंद पडण्यामागे हे असायची दाट शक्यता आहे. @रात्रपाळी, एवढं तुमचं बरोबर.

मधली_आळी
धागा वाचता वाचता उठून स्वतःचं कॅबिनेट उघडलं. माझ्याकडे दोन मोलेक्सवरून (जुने ४ पिनचे कनेक्टर) ६ पिन केलेला जोड आहे. तो चालेल का?

सोल्डरवाला
दोन वेगवेगळ्या वायरींवरून घेतला असेल तर साटापेक्षा बराच बरा. तरी रेंडर किंवा गेम चालू असताना कनेक्टरला बाहेरून बोट लावून बघा. चटका बसत असेल तर एसएमपीएस बदला. मल्टीमीटर असेल तर लोडवर पिवळ्या वायरचं व्होल्टेज मोजा, ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवं.

ओव्हनताई
कार्ड ओव्हनमध्ये ठेवून भाजलं की सुरू होतं असं यूट्यूबवर पाहिलंय. माझ्या दिराने जुन्या लॅपटॉपचा बोर्ड असाच सुरू केला होता, काही महिने चाललाही. किनारपट्टी यांनी शेवटचा उपाय म्हणून करून बघावं का?

सोल्डरवाला
ताई, नको. हा प्रश्न दर वर्षी येतो म्हणून सविस्तर लिहितो.

हल्लीच्या कार्डांवर शिशाशिवायचं सोल्डर असतं, ते साधारण २१७ अंशांना वितळतं. घरच्या ओव्हनमध्ये २०० च्या आत भाजलं तर चिपखालचं सोल्डर वितळतच नाही. त्याच्यावर नेलं तर कपॅसिटर फुगतात, प्लास्टिकचे सॉकेट वाकतात.

मग काही बोर्ड सुरू का झाले? २००८ च्या आसपास एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या बऱ्याच चिपा खराब निघाल्या. कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं त्या वर्षी जुलैमध्ये जाहीर केलं. त्या चिपांमध्ये दोष सिलिकॉन आणि त्याखालचं पॅकेज जोडणाऱ्या बारीक सोल्डरच्या थेंबांत होता. तापवलं की तडा गेलेले थेंब तात्पुरते पुन्हा टेकायचे. काही आठवडे, काही महिने चालायचं आणि परत जायचं. तुमच्या दिरांचा बोर्ड बहुधा त्यातलाच. दुरुस्ती झालेली नसते, मुदत वाढलेली असते.

आणि ज्या ओव्हनमध्ये नानकटाई करायची त्यात फ्लक्स आणि प्लास्टिकचा धूर कशाला?

ओव्हनताई
समजलं, धन्यवाद. नानकटाई सुरक्षित राहील. :)

नाना_नाशिककर
२०२२ च्या शेवटचं सेकंडहँड म्हणजे मायनिंगचं, डिजिटल चलन मिळवायला राबवलेलं कार्ड असणार. त्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रातोरात बाजारात कार्डांचा ढीग आला. सहा-सहा कार्डं लोखंडी रॅकवर दिवसरात्र चाललेली. मेमरी तिथेच भाजली असेल.

रात्रपाळी
मायनिंगचं म्हणून वाईटच असं नाही. जाणकार लोक पॉवर कमी करून, एका स्थिर तापमानावर कार्ड चालवायचे. गेमिंगचं कार्ड रोज तापतं, रोज गार होतं, त्याच्या सोल्डरला त्रास जास्त. माझं मायनिंगमधून आलेलं आरएक्स ५८० अजून धावतंय.

नाना_नाशिककर
तुमचं चिपच्या बाबतीत पटतं. पण इथेरियमचं मायनिंग मेमरीवरच चालायचं. चिपचा वेग कमी आणि मेमरीचा वाढवलेला, हीच तर सगळ्यांची सेटिंग होती. पॅड चांगले असतील त्यांचं निभावलं.

गुहागरची_गार्गी
मुद्द्यावर येऊ या का? मेमरीवर संशय आहे तर मेमरीचीच टेस्ट करा. ओसीसीटी नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यात व्हीरॅमची वेगळी टेस्ट आहे. ती कार्डाच्या मेमरीत डेटा लिहिते, परत वाचते आणि फरक पडला की एरर मोजते. एकही एरर आला तरी तो गंभीर समजायचा. इथे शून्यच हवा. फरमार्कने कार्ड नुसतं तापतं, एरर मोजायला ओसीसीटी बरं.

त्याआधी दोन कामं. एक, डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर पूर्ण काढा. इंटरनेट बंद करून, सेफ मोडमध्ये, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. मग नवा टाका. दोन, मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन साधी रॅम रात्रभर तपासा. खराब रॅममुळेही चित्र बिघडतं आणि बिचारं कार्ड बदनाम होतं.

रिझॉल्व्हमध्ये 'जीपीयू मेमरी फुल' असा एरर येत असेल तर तो या भानगडीत धरू नका. ६ जीबी कार्डावर ४केचं काम आणि नॉइज रिडक्शन लावलं की तो चांगल्या कार्डावरही येतो. मेमरी भरणं निराळं, मेमरी खराब होणं निराळं.

विदर्भी_वारा
एवढं सगळं करण्यापेक्षा मित्राचं कार्ड लावून पाहा ना भाऊ. माझ्याकडे जीटी ७१० पडून आहे, पाठवू का?

गुहागरची_गार्गी
@विदर्भी_वारा, मनापासून छान, पण त्याने अर्धंच उत्तर मिळेल. ७१० जेमतेम १९ वॅट घेतं, तेही स्लॉटमधून. ते लावून मशीन नीट चाललं तर एसएमपीएस चांगला आहे असं सिद्ध होत नाही, त्याच्यावर लोडच पडलेला नसतो. यापेक्षा उलटं करावं: संशयित कार्ड चांगल्या एसएमपीएसच्या मशीनमध्ये लावावं. तिथेही चौकोन आले तर वाद संपला.

९४००एफ मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड गेलं की मशीन आंधळं. मोडतं-तोडतं का होईना, एक कार्ड घरात असावं. त्यासाठी ७१० जरूर घ्या.

किनारपट्टी
सगळ्यांचे आभार. क्रमाने केलं, निकाल लिहितो.

कणकवलीहून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस आणला, ६+२ पिनची वायर थेट त्यातून लावली. त्यानंतर मशीन एकदाही फटकन बंद पडलेलं नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'कर्नल-पॉवर ४१' च्या नोंदी तिथेच थांबल्या.

चौकोन मात्र आहेत. ४१०१ च्या नोंदीही येतायत, आणि अबोली म्हणाल्या तसं जुन्या नोंदींच्या वेळा जुळवल्या तर ४१ आणि ४१०१ क्वचितच एकत्र होते.

रॅम रात्रभर तपासली, शून्य एरर. ड्रायव्हर डीडीयूने काढून नवा टाकला, फरक नाही. ओसीसीटीची व्हीरॅम टेस्ट थंड मशीनवर लावली तर सुरुवातीला शून्य. कार्ड तापलं की एरर मोजणारा आकडा धावायलाच लागतो.

काल कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावलं. तिथेही तापल्यावर चौकोन, अगदी तेच हिरवे-गुलाबी.

सोल्डरवाला
झालं. एसएमपीएसचा जोड हा एक रोग होता आणि मेमरी दुसरा. रात्रपाळी आणि मी दोघंही आपापल्या अर्ध्यापुरते बरोबर होतो.

शेवटची एक चाचणी करा. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग) उणे ५०० करा आणि तीच टेस्ट लावा. एरर कमी झाले तर हातातली कामं त्या सेटिंगवर उरकता येतील. पण फायनल रेंडर ग्राहकाला द्यायच्या आधी पूर्ण बघा, एखाद्या फ्रेममध्ये चौकोन जाऊ शकतो.

६ जीबीच्या १०६० वर १ जीबीच्या सहा मेमरी चिपा असतात. आमच्याकडे जे टेस्टिंगचं सॉफ्टवेअर असतं ते त्यातली नेमकी कुठली चिप चुकतेय हे दाखवतं. एकच खराब असेल तर दुसऱ्या मेलेल्या कार्डावरची चिप काढून, नवे सोल्डर बॉल लावून बसवता येते. मुख्य चिपमधला मेमरी कंट्रोलर गेला असेल तर खर्च करू नका. कारागिराला कामाआधी विचारा: कुठली चिप खराब, ते दाखवाल का? दाखवायला तयार नसेल आणि नुसतंच "हीट मारून देतो" म्हणत असेल तर कार्ड परत घेऊन या.

किनारपट्टी
उणे ५०० वर एरर बरेच कमी झाले, बंद नाही झाले. दोन लग्नांचं काम तसंच उरकलं, प्रत्येक रेंडर डोळ्यांखालून घालून.

आता मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एकाकडे कार्ड दिलंय. त्याने माझ्यासमोर टेस्ट लावली, सहापैकी एकाच चिपवर एरर दाखवले. ती बदलून, सगळे पॅड आणि पेस्ट नवीन लावून देणार आहे. तोपर्यंत @विदर्भी_वारा यांचं ७१० मशीनमध्ये बसलंय, कुरिअर मिळालं. त्यांना हापूसची पेटी पोचती करायचीय, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा.

विदर्भी_वारा
पत्ता पाठवला. आणखी दोन कार्डं पडून आहेत, कोणाला पाहिजेत का? :)

मधली_आळी
मोलेक्सच्या जोडाला बोट लावून बघितलं, कोमटच आहे. पण माझ्या १६६० सुपरचे पंखे फिरतच नाहीयेत! हे पण गेलं का?

अबोली_एस
डेस्कटॉपवर नुसतं बसलेलं असताना ना? अनेक नव्या कार्डांत चिप पन्नास-साठ अंशांच्या वर जाईपर्यंत पंखे मुद्दाम बंद ठेवलेले असतात. एखादा गेम किंवा ओसीसीटी लावा आणि सत्तरच्या आसपास फिरतात का बघा. तरी फिरले नाहीत तर मशीन बंद करा आणि फोटो टाका.

मधली_आळी
फिरले! धन्यवाद, अबोली.

किनारपट्टी
कार्ड आलं. ओसीसीटी तापलेल्या कार्डावर रात्रभर चालवलं, शून्य एरर. रिझॉल्व्ह मूळ क्लॉकवर चालू आहे, रेंडरला चिप ६८ अंश. @सोल्डरवाला, पॅडच्या जाडीबद्दल एक विचारायचंय: त्याने मेमरीवर १ मिमीचे लावलेत आणि पॉवर सर्किटवर दीड मिमीचे. हे बरोबर आहे ना?

सोल्डरवाला
जाडी प्रत्येक कंपनीच्या हीटसिंकप्रमाणे बदलते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून नाही सांगता येणार. पॅड जास्त जाड झालं तर हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान लगेच चढतं. तुमचं ७६ वरून ६८ वर आलंय, म्हणजे नीट बसलंय. उघडू नका, काम करा.